काळा रंग, पंधरा मिनिटं

अर्ज भरायच्या आदल्या रात्री
झिंगराजी उरकुडे दुकानात आले,
अर्ध्या शटरखालून, वाकून.
म्हणाले, "लक्षणे, काळे कर."
एवढंच.
माझ्या बापाच्या हातापासून हे डोकं आमच्याकडं,
रंग कधी मागितला नव्हता.

मी वाटीत पुडी फोडली.
कोपऱ्यात टीव्ही, आवाज बंद,
अमेरिकेचं चालू होतं कायतरी.
कोण्या राज्याचा गव्हर्नर, वय चौऱ्याहत्तर,
विमानातून उतरताना कठड्याला हात लावतो,
तेवढंच परत परत.
हात. कठडा. हात. कठडा.

बाकावर दाभेरे गुरुजी. त्यांची मृणाल ओहायोला.
"पोरगी सांगे, हा मधला मानूस हाय.
ना या टोकाचा, ना त्या टोकाचा.
अशाले मतं बरी पडतेत म्हने."
"मंग?"
"मंग काय. मधल्या वाटेनं कमावते,
अन् पायरीवर सांडते."

झिंगराजी डोळे मिटून होते.
कपाळाला व्हॅसलीन लावलं की कोणीही
चौथीतलं पोर दिसतं, नुकतं न्हाऊन आलेलं.
"आपल्या पंचायतीले एकच पायरी," ते म्हणाले,
"तेही फुटकी."

बाजाराच्या जागेवरून गावात दोन तट.
अंकुश ढोलेची पोट्टी म्हणतात, सगळ्या जागेत गाळे.
वरच्या पुऱ्यातले म्हणतात, एक वीट ठेवून तर पाहा.
झिंगराजी दोन्हीकडं चहा प्यायले,
म्हणाले, अर्ध्यात गाळे, अर्ध्यात कबड्डी,
निंबाले हात लावाचा नाई.
दोन्हीकडच्यांनी माना हलवल्या.
पाठ फिरल्यावर दोन्हीकडून एकच वाक्य आलं:
बुडा दोन्हीकून खाते.

डोकं धुतलं. मोरीत काळं पाणी गेलं.
आरशातला माणूस साठीचा म्हणून खपला असता,
पण मान शहात्तरची.
मान रंगवता येत नाही.
"राहू द्या पैसे, माझं मत समजा."
"मत येगळं," म्हणाले,
आणि आरशाखाली पन्नासची नोट ठेवली.

मग पारावरची सभा.
अंकुशच्या एका पोरानं उभं राहून विचारलं,
"निंबाखालच्या जागेचे किती घेतले, आजोबा?"
झिंगराजी थांबले.
अकरा सेकंद. मोजलेली आहेत,
कारण तेवढीच सगळ्यांच्या स्टेटसला होती दुसऱ्या दिवशी,
खाली लिहिलेलं: बॅटरी लो.
मी समोरच उभा होतो.
गालाचं हाड कसं हललं ते पाहिलं.
वस्तऱ्याखाली ते हाड मी वर्षानुवर्षं ओळखतो.
माणूस विसरला नव्हता.
शिवी गिळत होता.
गिळली, आणि म्हणाला, "बस बाप्पा, पानी पे."
हे अकरा सेकंदांनंतरचं. ते कोणी घेतलं नाही.

नऊ मतांनी पडले.
कोणी म्हणालं वय. कोणी म्हणालं, केस काळे केले म्हणून,
पांढरे असते तर निवडून आले असते.
गुरुजी म्हणाले, मधले होते म्हणून नऊवर थांबलं,
नाहीतर दोनशेनं जाते.
नेमकं काय ते पेटीला ठाऊक,
आणि पेटी तहसीलला गेली.

पुढच्या महिन्यात आले कटिंगला.
मुळाशी बोटभर पांढरं, वर उरलेला माझा काळा.
"सगळं काढ."
कात्री चालू असताना मध्येच,
"तो पायरीवाला आला का निवडून?"
"मालूम नाई. रिचार्ज संपला."
थोडा वेळ काही नाही, नुसती कात्री.
"कठड्याले हात लावला त्यानं," ते म्हणाले.
"म्हंजे पडाचं नव्हतं त्याले."

उतरताना त्यांनी दुकानाच्या खांबाला हात लावला.
बाहेर तुरीची गाडी चालली होती, पोट्टी त्यावर बसलेली.
मोबाइल कोणीच काढला नाही.